निळ्या पडद्याचें निदान

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं संगणक आहे, त्यांतील बहुतेकांनीं तो निळा पडदा आयुष्यांत एकदां तरी पाहिला असेल. काम ऐन रंगांत आलेलें असतें, लिहिलेला मजकूर अजून जतन केलेला नसतो, आणि एकाएकीं अक्षरें, चित्रें, चौकटी, सर्व कांहीं नाहींसें होऊन सबंध पडदा निळाभोर होतो. त्यावर एक दुर्मुखलेला चेहरा, त्याखालीं यंत्रांत बिघाड झाल्याची दोन वाक्यें आणि तळाशीं बारीक अक्षरांत एक इंग्रजी संकेत. चष्मा शोधून तो संकेत वाचूं जावें, तों यंत्र बंद पडून पुन्हां आपलें आपण सुरू होतें. २०२५ सालीं विंडोजच्या नव्या आवृत्तींत हा पडदा काळा करण्यांत आला व तो चेहराही काढून टाकण्यांत आला. परंतु लोकांच्या तोंडीं त्याचें नांव निळा पडदा असेंच आहे.

या पडद्याविषयीं लिहावयास बसण्याचें कारण असें कीं, त्याच्यापायीं आमच्या हातून घरांतल्याच एका निरपराध माणसावर अन्याय झाला, आणि तो अन्याय ज्या वाटेनें उघडकीस आला ती वाट पुष्कळांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे. आम्हीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रशास्त्राचा आम्हांस गंध नाहीं. तेव्हां पुढील विवेचनांत शास्त्र म्हणून जें असेल तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें, आणि दृष्टांतांचा भार तेवढा आमचा, असें वाचकांनीं समजावें.

गोष्ट २०२४ सालच्या वैशाखांतील. निवृत्त झाल्यापासून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे. जुन्या वह्या, मोडींतले कागद, ठिकठिकाणच्या भाऊबंदांचीं पत्रें, यांवरून सुमारें सहाशें पृष्ठांचा मजकूर तोंवर संगणकावर उतरला होता. आमचें यंत्र माडीवर, आणि इंटरनेटची पेटी खालीं ओसरीवर. वाड्याच्या भिंती हातभर रुंद. त्यांतून तार ओढण्यास कारागीर जी रक्कम सांगे ती ऐकून आम्हीं तो विचार सोडला, आणि बाजारांतून अंगठ्याएवढा एक बिनतारी ठोकळा विकत आणला. तो यंत्राच्या खांचेंत बसवावयाचा, सोबतची तबकडी यंत्रांत घालावयाची, आणि विचारील त्या प्रश्नास होय म्हणत जावयाचें. कोणाचीही मदत न घेतां हें काम आम्हीं पार पाडलें, आणि त्याचा आम्हांस अभिमानही वाटला.

तिसऱ्या दिवशीं आमच्या मुलीचा मुलगा सुटीकरितां आला. वय बारा. चौथ्या दिवशीं दुपारीं तो संगणकावर खेळ खेळत असतां पडदा प्रथम निळा झाला.

पुढील आठ दिवसांत आणखी दोनदां तसेंच झालें, आणि दोन्हीं वेळां तो खेळतच होता. आतां तर्कास आणखी काय पाहिजे? तो आला आणि यंत्र पडूं लागलें. तो खेळतो तेव्हांच पडतें. आम्हीं त्याला समोर उभें करून खडसावलें. "आजोबा, मी खरंच कांहीं केलं नाहीं," एवढेंच तो पुन्हां पुन्हां म्हणत राहिला. आम्हीं तो खेळ यंत्रावरून काढून टाकला आणि त्यास माडीवर येण्याची बंदी केली. त्यानंतर एके दिवशीं पहांटे पांच वाजतां, मुलगा खालीं गाढ झोपलेला असतां, आमच्या डोळ्यांदेखत पडदा चौथ्यांदा निळा झाला. कोणत्याही विचारी माणसानें येथें थांबावयास हवें होतें. परंतु आम्हीं मनाशीं म्हटलें, खेळानें जी नासाडी करावयाची ती आधींच करून ठेवली असली पाहिजे! एकदां निकाल देऊन बसलेला न्यायाधीश पुराव्याची कशी वाट लावतो, याचें यापेक्षां चांगलें उदाहरण आमच्यापाशीं नाहीं. मुलगा सुटी संपण्याच्या दहा दिवस आधींच आपल्या घरीं निघून गेला. आमच्या कुटुंबानें याविषयीं आम्हांस एक अक्षरही विचारलें नाहीं. त्यावरून जें समजावयाचें तें आम्ही समजलों.

यंत्र मात्र पडतच राहिलें. बाजारपेठेंतील दुरुस्तीवाल्यानें तें उघडून पाहिलें, स्मृतीच्या पट्ट्या खराब झाल्या आहेत असें सांगितलें, आणि पैसे घेऊन नव्या घातल्या. दोन दिवसांनीं पुन्हां निळा पडदा. मग तो म्हणाला, "सर, विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट मारणें म्हणजे पाटी स्वच्छ पुसून श्रीकारापासून पुन्हां आरंभ करणें. मजकुराची एक प्रत आमच्यापाशीं होती, पण ती महाशिवरात्रीपर्यंतची. म्हणून जुन्या कागदांचीं छायाचित्रें व नवीं प्रकरणें पुण्यास पुतण्याकडे इंटरनेटवरून धाडून ठेवावीं असें ठरविलें, तों निम्म्यावरच पडदा निळा. दुसऱ्यांदा पाठविलीं, पुन्हां तेंच. यंत्रास आमच्या पूर्वजांचेंच वावडें आहे कीं काय, असें वाटूं लागलें.

ज्येष्ठांत आमचा एक जुना विद्यार्थी आईस भेटावयास गांवीं आला होता. पुण्यास संगणकाच्याच व्यवसायांत आहे. नमस्कारास आला असतां आम्हीं त्यास ही कहाणी सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, फॉरमॅट करूं नका. आधीं यंत्र स्वतः काय सांगतंय तें वाचूं या." त्यानें दोन दिवसांत जें आम्हांस दाखविलें व समजावून दिलें, तें आतां सांगतों.

'ड्रायव्हर' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एस. टी.चा चालक उभा राहतो. संगणकांतील ड्रायव्हराचें काम सारथ्याचें नसून दुभाष्याचें आहे. छपाईचें यंत्र, ध्वनिवर्धक, चित्रपडदा, बिनतारी ठोकळा हीं उपकरणें निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात, आणि प्रत्येकाची बोली निराळी. मुख्य प्रणालीस या साऱ्या बोली येणें शक्य नाहीं. म्हणून उपकरणाचा कारखानदार त्याबरोबर एक लहानसा प्रोग्राम देतो, तोच ड्रायव्हर. प्रणालीची आज्ञा तो उपकरणाच्या बोलींत सांगतो आणि उपकरणाचें उत्तर प्रणालीच्या बोलींत आणून देतो. दुभाष्या चांगला असला तर तो घरांत आहे याची दादही कोणास लागत नाहीं.

अडचण आहे ती त्याच्या बसण्याच्या जागेची. इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरांत अधिकाराच्या चार पायऱ्या आंखून दिलेल्या आहेत. विंडोज त्यांतील दोनच वापरते, अगदीं आंतली व अगदीं बाहेरची. आपण नित्य वापरतों ते लेखनाचे, हिशेबाचे व खेळांचे प्रोग्राम म्हणजे ओसरीवरचे पाहुणे होत. त्यांतला एखादा भोंवळ येऊन पडला, तर त्यास उचलून बाहेर नेतात आणि घरचा व्यवहार चालू राहतो. ड्रायव्हरांपैकीं बहुतेकांस मात्र थेट माजघरांत, कोठीच्या किल्ल्यांसह, प्रवेश द्यावा लागतो. तेथें एकाची जागा दुसऱ्यापासून वेगळी करणारी भिंत नाहीं. एखाद्याचा हात चुकून भलत्याच्या डब्यांत पडला, तर तो धरावयास कोणी नाहीं.

हें ऐकतांना आमच्या मनांत चर्र झालें. खेळ हा ओसरीवरचा. तो स्वतः कोसळेल, पण सबंध घर पाडण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नाहीं. कांहीं खेळ लबाडी पकडण्यासाठीं आपला स्वतःचा ड्रायव्हर माजघरांत धाडतात हें खरें. आमच्या नातवाचा खेळ त्या जातीचा नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्हांस नवीन होती. निळा पडदा हा रोग नव्हे. तो प्रणालीनें जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. आपल्या वह्यांत कोणीतरी भलतेच आंकडे लिहिले आहेत असें ध्यानांत येतांच शहाणा कारकून काय करतो? त्याच वह्यांवरून पुढें लिहीत गेला तर सारें दप्तर नासेल, म्हणून तो हातांतली लेखणी खालीं ठेवून दप्तरास कुलूप घालतो. प्रणालीही स्मृतींत गोंधळ दिसतांच, त्या गोंधळाची छाप डिस्कवरील मजकुरावर पडूं नये म्हणून तत्क्षणीं थांबते, आणि थांबण्यापूर्वीं काय आढळलें याचा एक पंचनामा लिहून ठेवते.

आमच्या यंत्राच्या पडद्यावर बहुतेक वेळां जो संकेत येई त्याचा उच्चार 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असा आहे. ड्रायव्हरांच्या दोषांत हा फार वारंवार आढळणारा, म्हणून त्याचा अर्थ सावकाश सांगितला पाहिजे. संगणकाच्या स्मृतींतील कांहीं पानें सदैव स्मृतींतच राहतात. कांहीं पानें गरज नसेल तेव्हां डिस्कवर ठेवून दिलीं जातात आणि लागतील तेव्हां परत आणलीं जातात. आतां ठोकळ्यावर बाहेरून कांहीं येऊन पडलें, कीं तो प्रोसेसरास हांक मारतो आणि त्याचा ड्रायव्हर तातडीच्या कामास बसतो. या तातडीच्या अवस्थेंत असतांना डिस्कवरून पान आणवून घेण्याची सोय नसते. जें लागेल तें सर्व हाताशींच असलें पाहिजे. देवपूजेस बसण्यापूर्वीं जाणता माणूस पळी, पंचपात्र, फुलें, गंध सारें हाताशीं मांडून घेतो, कारण एकदां बसल्यावर मध्येंच उठतां येत नाहीं. विसराळू माणूस तसाच बसतो. फुलांची परडी योगायोगानें कोणी जवळ आणून ठेवलेली असली तर त्याची पूजा निर्विघ्न पार पडते. नसली तर अडतें. सदोष ड्रायव्हर हा तसा विसराळू पूजक आहे. तातडीच्या कामांत तो डिस्कवर जाऊं शकणाऱ्या पानास हात घालतो. तें पान त्या क्षणीं सुदैवानें स्मृतींत असलें तर कांहींच होत नाहीं. नसलें तर निळा पडदा.

चूक रोज होते, फळ मात्र एखाद्या वेळींच दिसतें. दहा वेळां तेंच काम सुरळीत होऊन अकराव्या वेळीं यंत्र पडलें, कीं माणसें विजेच्या दाबास, उन्हाळ्यास, ग्रहदशेस आणि घरांतल्या पोरांस दोष देऊं लागतात. आम्हीं निराळें काय केलें?

विद्यार्थ्यानें प्रथम विंडोजमधील 'रिलायबिलिटी मॉनिटर' नांवाचें पान उघडलें. तें एक प्रकारचें पंचांगच आहे: एकेका दिवसाचें एकेक घर, यंत्र पडलें त्या दिवशीं तांबडी फुली, आणि त्या दिवशीं यंत्रांत कोणती नवी गोष्ट बसविली त्याचीही नोंद. ठोकळ्याचा ड्रायव्हर बसविल्याची नोंद एके दिवशीं, आणि त्यापासून तिसऱ्याच दिवशीं पहिली फुली. त्यापूर्वींच्या घरांत फुली नाहीं. नातवाच्या येण्याची नोंद मात्र त्या पंचांगांत कोठें नव्हती. ती आमच्या डोक्यांत होती.

मग त्यानें ते पंचनामे काढले. सी ड्राइव्हवरील विंडोज या फोल्डरांत मिनीडम्प नांवाचें एक आंतलें फोल्डर असतें. त्यांत यंत्र जितक्या वेळां पडलें तितक्या लहान फाइली सांठतात. आमच्या यंत्रांत नऊ होत्या. त्या त्यानें आपल्या यंत्रावर नेऊन विंडबग या मायक्रोसॉफ्टच्याच हत्यारानें उघडल्या. तें हत्यार त्या क्षणीं कोणता प्रोग्राम कोणास हांक मारीत होता त्याची उतरंड मांडून दाखवितें, आणि संशयित म्हणून एका फाइलीचें नांव काढून देतें. नऊपैकीं सहा पंचनाम्यांत नांव आलें तें आमच्या ठोकळ्याच्या ड्रायव्हराचें. त्याची रचनेची तारीख पाहिली तर २०१३ सालची! एका पंचनाम्यांत विषाणुरोधक प्रोग्रामच्या ड्रायव्हराचें नांव होतें, आणि उरलेल्या दोहोंत 'एनटीओएसकर्नल', म्हणजे खुद्द विंडोजच्या गाभ्याचें.

"दुरुस्तीवाल्याला हेंच शेवटचं नांव दिसलं असेल," विद्यार्थी म्हणाला, "म्हणून त्यानं विंडोज खराब झालं असं सांगितलं. पण गुरुजी, प्रेत जिथं सांपडलं तिथला घरमालक खुनी असतोच असं नाहीं."

माजघरांत भिंती नसल्यानें एकानें भलत्याच्या डब्यांत खडा टाकावा आणि तो दुसऱ्याच्याच दातांखालीं यावा, असें तेथें घडतें. ज्याचा दात पडला त्याचें नांव पंचनाम्यांत येतें. म्हणून एकाच पंचनाम्यावरून निर्णय करूं नये. पुष्कळ पंचनाम्यांत संकेत एक आणि नांवही एकच येत असेल, तर संशय ड्रायव्हरावर दृढ होतो. दर वेळीं संकेत निराळा आणि नांवही निराळें येत असेल, तर स्मृतीच्या पट्ट्यांची किंवा दुसऱ्या अवयवाची परीक्षा आधीं करावी. त्यासाठीं रात्रभर चालणारे स्मृतिपरीक्षेचे प्रोग्राम मिळतात. आणि निळा पडदा न येतांच यंत्र दिव्यासारखें विझत असेल, तर विजेचा पुरवठा व उष्णता यांकडे पहावें.

आमच्या प्रकरणांत तीन पंचनामे भलतीं नांवें सांगत होते. सबब त्यानें आणखी एक परीक्षा केली. विंडोजमध्यें 'ड्रायव्हर व्हेरिफायर' नांवाचा एक कडक पर्यवेक्षक विंडोज २००० पासून बसविलेला आहे, पण तो निजलेला असतो. त्यास जागें करून, ज्यांच्यावर संशय आहे असे ड्रायव्हर त्याच्या हवालीं करावयाचे. परीक्षेच्या वेळीं संशयित मुलाच्या शेजारींच पर्यवेक्षकानें खुर्ची टाकून बसावें, तसा हा बसतो. ड्रायव्हरानें स्मृतीचा तुकडा मागितला कीं हा त्यास असा तुकडा देतो कीं, ज्याच्या कडेस लागूनच निषिद्ध पान असावें; हात केंसभर पुढें गेला तरी जागच्या जागीं पकडला जातो. मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर वगळून परके तेवढे निवडावे, आणि आधीं यंत्राची पूर्वस्थिति परत आणण्याची तजवीज करून ठेवावी, अशी त्याची सूचना होती. कारण या पर्यवेक्षकापुढें कित्येकदां यंत्र सुरूच होत नाहीं, आणि मग 'सेफ मोड' या मोजक्या ड्रायव्हरांवर चालणाऱ्या अवस्थेंत शिरून त्यास निजवावें लागतें. घरच्या माणसानें एकट्यानें हा प्रयोग करूं नये, असें आमचें मत आहे.

व्हेरिफायर जागा करून आम्ही पुन्हां पुतण्याकडे छायाचित्रें पाठवावयास बसलों. चार मिनिटें झालीं नसतील, तोंच निळा पडदा आला. आणि या खेपेस ठोकळ्याच्या ड्रायव्हराचें नांव पडद्यावरच लिहिलेलें होतें.

येथें आमच्या जुन्या विद्येस जाग आली. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आम्हीं कितीएक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. त्यांत कार्यकारणाचा निश्चय करावयास अन्वय आणि व्यतिरेक असे दोन डोळे सांगितले आहेत. एक असतां दुसरें असणें हा अन्वय, एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. नातू खेळतो तेव्हां यंत्र पडतें, एवढा अन्वय पाहून आम्ही थांबलों होतों. पहांटेच्या प्रसंगीं नातू नव्हता आणि पडदा होता. म्हणजे हेतु सरळ सव्यभिचार झाला. नैयायिकांचें नेहमींचें उदाहरण आहे, कीं विस्तव असला म्हणजे धूर असतोच असें नाहीं. ओल्या लांकडाचा संयोग हवा, आणि त्या ओल्या लांकडास ते उपाधि म्हणतात. आमच्या प्रकरणांतलें ओलें लांकूड होतें इंटरनेटवरील रहदारी. नातवाचा खेळ दूरच्या खेळगड्यांशीं चाले, म्हणून ठोकळ्यावर भार पडे. छायाचित्रें पाठवितांना भार पडे. त्या पहांटे विंडोज आपलीं नवीं दुरुस्तीपत्रें आपण होऊन उतरवून घेत होती, हें मागाहून नोंदींत सांपडलें. हा उपाधीचा भाग वर्गांत शिकवितांना आम्ही फळ्यावर चुलीचें चित्र काढीत असूं!

व्यतिरेक राहिला होता, तो आतां पुरा केला. ठोकळा काढला, त्याचा ड्रायव्हर यंत्रांतून समूळ काढविला, आणि एक लांब तार जिन्यावरून तात्पुरती ओढून पंधरा दिवस काम केलें. एकदांही पडदा निळा झाला नाहीं, आणि सर्व छायाचित्रें पुण्यास पोंचलीं. मग मुद्दाम तोच ठोकळा व तोच तबकडीवरचा ड्रायव्हर पुन्हां बसविला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं निळा पडदा आला. वैद्यकांत ज्यास उपशय म्हणतात, म्हणजे गुण येतो कीं नाहीं यावरून रोग ओळखणें, तें हेंच. अखेरीस ठोकळ्यांतील चिप ज्या कारखान्याची, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. ठोकळा तोच आहे. त्यावर आजपावेतों यंत्र पडलेलें नाहीं. स्मृतीच्या पट्ट्या उगाच बदलल्या, आणि जुन्या पट्ट्याही दुरुस्तीवाल्यानें परत केल्या नाहींत, ही एक बारीक रुखरुख राहिली आहे.

हा दोष आमच्याच नशिबीं आला असें नव्हे. १९९८ सालच्या एप्रिलांत शिकागो येथील प्रदर्शनांत बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ चें प्रात्यक्षिक चाललें असतां, एक स्कॅनर यंत्रास जोडतांच भर सभेंत निळा पडदा आला होता. २००१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याची तपासणी केली, तेव्हां ड्रायव्हरांतील चुकांचें प्रमाण उरलेल्या भागाच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळलें. २००३ सालच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका निबंधांत विंडोज एक्सपी कोसळण्याच्या तत्कालीन नोंदींपैकीं शेंकडा ८५ ड्रायव्हरांमुळें होत्या असें नमूद आहे. कारण उघड आहे: गाभा लिहिणारे थोडे व मुरलेले, ड्रायव्हर लिहिणारे असंख्य; आणि उपकरण बाजारांत आणण्याची घाई कोणास नसते?

जूनअखेर आमचें निदान पुरें झालें, आणि तीनच आठवड्यांनीं साऱ्या जगानें हाच धडा गिरविला. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचा संरक्षक प्रोग्राम जगांतील मोठमोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत बसविलेला असतो, आणि पहारेकरी या नात्यानें त्याचा ड्रायव्हर माजघरांत बसतो. आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं कंपनीनें त्या पहारेकऱ्यास वाचावयाची एक नवी फाइल धाडली. तींतील सूचनांस एकवीस रकाने लागत होते, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामापुढें मांडलेले होते वीस. एकविसावा रकाना वाचावयास तो आपल्या हद्दीबाहेरील स्मृतींत गेला, आणि यंत्रें धडाधड निळीं झालीं. ७८ मिनिटांनीं फाइल मागें घेण्यांत आली. परंतु तेवढ्या अवधींत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख यंत्रें पडलीं. विमानें, रुग्णालयें, बँका अडकून पडल्या. आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाल्याचीं चित्रें सर्वांनीं पाहिलीं. उपाय तसा लहान होता: सेफ मोडमध्यें शिरून ती एक फाइल पुसणें. पण यंत्र सुरूच होत नसल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक यंत्रापाशीं माणसास स्वतः जाऊन बसावें लागलें. त्या सायंकाळीं दूरदर्शन-संचावर विमानतळावरचे ते निळे पडदे पाहतांना आमच्या कुटुंबानें विचारलें, "यांच्याकडेही कोणाचा नातू आला होता कां?"

माजघरांतील गर्दी कमी करावी हा विचार अर्थात् जुनाच आहे. विंडोज व्हिस्टापासून चित्रपडद्याच्या ड्रायव्हराचा बराच भाग ओसरीवर आणण्यांत आला; म्हणून आतां चित्राचा दुभाष्या अडखळला, तर पुष्कळ वेळां पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हां पूर्ववत् होतो. ॲपलनेंही २०१९ पासून बाहेरच्यांचे ड्रायव्हर गाभ्याबाहेर काढण्यास आरंभ केला आहे. तथापि जुनीं उपकरणें व जुन्या तबकड्या घरोघर आहेतच. ज्यांचें यंत्र एखादा ड्रायव्हर नवा केल्यावर पडूं लागलें असेल, त्यांनीं 'डिव्हाइस मॅनेजर'मध्यें जाऊन त्या उपकरणाच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' हें बटन आहे कीं काय तें आधीं पहावें. त्यानें पूर्वींचा ड्रायव्हर परत बसतो. सगळे ड्रायव्हर आपोआप नवे करून देतों अशा जाहिरातींच्या नादीं मात्र लागूं नये.

निदान पुरें झालें त्याच रात्रीं आम्हीं नातवास पत्र लिहिलें. फोन करतां आला असता. पण छत्तीस वर्षें ज्यानें मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, त्यानें आपली चूकही कागदावरच लिहावी असें वाटलें. ठोकळा आम्हीं आणला, तबकडी आम्हीं घातली, आणि आरोप तुझ्यावर ठेविला, असें त्यांत स्पष्ट लिहिलें. उपाधि म्हणजे काय तेंही लिहिलें होतें; तो भाग त्यानें वाचला असेल असें वाटत नाहीं. चार दिवसांनीं त्याचा फोन आला. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्यानें विचारलें,

"आजोबा, मग माझा गेम तुम्हीं परत टाकलात कां?"

तो कसा टाकावयाचा हें आम्हांस येत नव्हतें. त्यानें फोनवरून सांगावयाचा प्रयत्न केला, दोनदां सांगितलें, आणि शेवटीं कंटाळून म्हणाला, "राहूं द्या आजोबा, दिवाळींत मी आल्यावर टाकीन. तोंवर तुम्हीं कशाला हात लावूं नका."